कोणी निवडू नये असा पर्याय

पर्याय नेहमी तीन द्यायचे. दोन दिले तर अधिकाऱ्याला वाटतं आपल्याला कोंडीत पकडलंय, आणि चार दिले तर तो फाइल बाजूला सारून चहा मागवतो. सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला शिकवलं गेलं. शिकवणारा माणूस तीस वर्षं सरकारात होता, शेवटची आठ सचिव म्हणून, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. आम्ही त्यांना सचिवसाहेबच म्हणायचो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी वर्गात शिरताना कोणीतरी दार उघडून धरेल अशा बेताने ते क्षणभर थांबायचे, आणि कोणीतरी धरायचंही. बहुतेकदा मीच.

त्यांचं म्हणणं असं होतं. पहिला पर्याय म्हणजे आहे ते तसंच चालू ठेवणं. दुसरा तुमच्या मनातला, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप. आणि तिसरा, कोणी निवडू नये असा. दुसरा शहाणा दिसावा एवढ्याचसाठी तो असतो. "पण तिसऱ्यात जीव हवा," ते म्हणायचे. "तो मेलेला दिसला की वाचणारा ओळखतो, हे लोक मला गृहीत धरतायत. मग तो चिडतो आणि पहिला निवडतो." पंचेचाळीस जणांनी हे वहीत उतरवून घेतलं. मी तर खाली दोन रेघा मारल्या.

त्या इमारतीबद्दल बोलायला लागले की माझी जीभ जरा सैल सुटते, तेव्हा थोडक्यात सांगते. भिंती काचेच्या होत्या. ती पारदर्शकता, असं पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. त्या काचांवर आम्ही रंगीत चिठ्ठ्या चिकटवायचो. पिवळ्या चिठ्ठीवर समस्या, निळ्या चिठ्ठीवर कारण, गुलाबीवर उपाय. 'लोक' हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडातून निघायचा. लोकांना काय हवं, लोक कसे वागतात, लोकांना कसं वळवायचं. संध्याकाळी सफाईवाल्या बाई येऊन त्या चिठ्ठ्या ओरबाडून पिशवीत भरायच्या, आणि त्यांना कोणी लोकांत धरायचं नाही. पहिल्या महिन्यात मला हे फार खुपलं. दुसऱ्या महिन्यापासून माझ्याही चिठ्ठ्या त्याच पिशवीत जायला लागल्या आणि खुपणं आपोआप थांबलं.

मी शिष्यवृत्तीवर शिकत होते आणि आईजवळ दोन खोल्यांत राहत होते. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई समाजकल्याण खात्याच्या दुरुस्ती केंद्रात कामाला होती. चालता न येणाऱ्यांच्या व्हीलचेअर, कुबड्या, कृत्रिम पाय तिथे फुकट दुरुस्त व्हायचे. आईकडे शिवण होतं. खुर्चीची बैठक, पाठीचा पट्टा, कृत्रिम पाय मांडीला बांधायचे चामडी पट्टे. बावीस वर्षं आरी, दाभण आणि मेणाचा दोरा. तिच्या कपड्यांना रबर सोल्युशनचा वास यायचा, आणि मला लहानपणी तो आईचाच वास वाटायचा.

शेवटच्या वर्षी एक मोठा प्रकल्प असायचा. निरनिराळी सरकारी खाती आपल्या अडचणी पाठवायची आणि आम्ही तिघातिघांनी एकेक उचलून सहा महिन्यांत तिच्यावर धोरणपत्र लिहायचं. यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा अकरावा विषय मी दोनदा वाचला. 'साहाय्यक साधने दुरुस्ती केंद्राचे भवितव्य: पर्यायांचा अभ्यास.' ज्याच्या भवितव्याचा अभ्यास करायची वेळ येते त्याचं काही खरं नसतं, इतकं तर मला दीड वर्षात कळलं होतं. मी धावत जाऊन त्या विषयापुढे नाव लिहिलं.

विषय मिळाल्यावर एक नमुना भरून द्यावा लागायचा. त्यात चौथा प्रश्न होता: अभ्यासविषयाशी आपला किंवा आपल्या कुटुंबीयांचा वैयक्तिक संबंध आहे काय? मी 'नाही' वर खूण केली. 'हो' म्हटलं असतं तर विषय काढून घेतला असता आणि तो कोणा दुसऱ्याच्या हातात पडला असता, ज्याला केंद्राचं सोयरसुतक नाही. आईने नोकरीला लागताना माहेरचं आडनाव लावलं होतं आणि तेच पुढे राहिलं, त्यामुळे कागदावरून कोणाला काही कळायची सोय नव्हती. मी खोटं बोलले, पण चांगल्यासाठी बोलले, असं मला वाटलं. आमच्या वर्गात सगळ्यांनाच सगळं चांगल्यासाठी करायचं असायचं.

माझ्या गटात दोघे होते. एकाला आम्ही 'आकडे' म्हणायचो. तो संख्याशास्त्राचा पदवीधर होता आणि जेवणाच्या रांगेतही सरासरी काढायचा. दुसरे हेडमास्तर. खरेच हेडमास्तर होते ते, चव्वेचाळीस वर्षांचे, शाळेतून दोन वर्षांची रजा काढून शिकायला आलेले. आम्ही तिघांनी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं की केंद्र वाचवायचं. आमचा दुसरा पर्याय तिथल्या तिथे तयार झाला: केंद्र चालू ठेवा, शिवणाला एक माणूस वाढवा, आणि एक गाडी द्या, जी घरोघरी जाऊन दुरुस्ती करील. मला इतका आनंद झाला की मी दोघांना कॅन्टीनमध्ये चहा पाजला.

मग आम्ही केंद्र बघायला गेलो. खात्याच्या गोदामामागे एक लांबट खोली, वर पत्रा, एका भिंतीला बाक. टेबलावर खुर्ची उलटी ठेवलेली आणि तिचा मालक बाकावर बसून तिच्या चाकांकडे बघतोय, असं तिथलं नेहमीचं दृश्य. मी लहानपणी शाळा सुटली की त्याच बाकाच्या टोकाला बसून अभ्यास करायचे, पण फोरमन बदलले होते आणि बाकीचे कारागीरही नवे होते, त्यामुळे मला ओळखणारी तिथे एकटी आईच. ओळख दाखवायची नाही, असं तिला मी आधी सांगून ठेवलं होतं. तिने मान हलवली होती, पण ती इतकं रंगवेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुम्ही इथे किती वर्षं आहात?" मी वही उघडून विचारलं.

"बावीस झाली, ताई. लिहा." तिने दाभणातून दोरा ओढला. "नीट लिहा हं, दोन दोन."

"कामात काय अडचणी येतात?"

"अडचणी कशाच्या. चामडं वेळेवर येत नाही. बक्कलं येतात ती गंजकी. बाकी बरं आहे." मग ती हेडमास्तरांकडे वळली. "सर, या ताईंना तुम्ही काही खायला घालत नाही का? पार वाळलीय पोर. हिच्या आईला बघवत नसेल."

हेडमास्तर ओशाळून म्हणाले, "अभ्यासाचा ताण असतो हो."

"असेल, असेल. पण डबा न्यायला काय होतं? घरी विसरून जात असेल ओट्यावर." मी त्या दिवशी खरोखरच डबा ओट्यावर विसरले होते. मला हसू आवरेना, मी वहीत तोंड घातलं.

बाकावर एक गृहस्थ बसले होते, कोर्टाबाहेर लोकांना अर्ज टाइप करून देणारे. त्यांच्या खुर्चीचा पाठीचा पट्टा फाटला होता. आकड्याने त्यांना विचारलं, पट्टा बाजारात का नाही बदलून घेत? "बाजारात नवी खुर्ची मिळते," टायपिस्ट म्हणाले. "माझी पाठ वाकडी आहे, डावीकडे कलते. नव्या खुर्चीला ते माहीत नसतं. या बाईंना माहीत आहे." आणि मग म्हणाले, "खुर्ची एक दिवस नसली की मी एक दिवस अंथरुणात. तुमच्याकडे ते मोजतात का?" आकड्याने ते लिहून घेतलं. दुसऱ्या पर्यायात त्याने अशा अंथरुणातल्या दिवसांचं कोष्टक केलं, फार सुबक.

त्या संध्याकाळी आई आणि मी पोट धरून हसलो. तिने हेडमास्तरांची नक्कल करून दाखवली. मग जेवताना ती म्हणाली, "शिवणाला माणूस मिळेल ना गं?"

"मिळेल. आमच्या रिपोर्टात आहे ते."

"आता घरचीच पोरगी लिहितेय म्हटल्यावर मला कसली काळजी," आई म्हणाली. ती सहसा असं काही बोलत नाही. मला दोन घास जास्त गेले.

लिहायची वाटणी झाली. हेडमास्तरांनी पहिला पर्याय घेतला, आकड्याने दुसरा, कारण तिथे कोष्टकं जास्त होती. तिसरा माझ्याकडे आला. मी स्वतःहून मागून घेतला, हे सांगायला हवं. माझं लिहिणं गटात सगळ्यांत चांगलं होतं आणि तिसऱ्यात जीव हवा, हे मी दोन रेघा मारून शिकले होते. शिवाय मनातला हिशोब असा, की शत्रूचा वकील आपलाच असला तर खटला कुठे हरायचा ते आपल्या हातात राहतं. तिसरा पर्याय होता: केंद्र बंद करा, लाभार्थींना खासगी दुकानांतून दुरुस्ती करून घेण्यासाठी कूपनं द्या.

माझा पहिला मसुदा सचिवसाहेबांनी दोन बोटांत धरून परत केला. "हे बुजगावणं आहे," ते म्हणाले. "कावळासुद्धा भिणार नाही. खात्याच्या संचालकबाई हुशार आहेत, त्यांना लगेच कळेल. तुम्हाला दुसरा पर्याय पोचवायचाय की नाही?"

"पोचवायचाय, सर."

"मग तिसऱ्यात एखादा आकडा घाला आणि एक माणूस घाला. खरा माणूस."

आकडा मी बसल्या जागी काढला. केंद्रातल्या नव्वद टक्के दुरुस्त्या खासगी दुकानं करू शकतील. हे कुठून आलं? कुठूनही नाही. खाली तळटीप दिली, की हे केवळ तुलनेसाठी घेतलेलं गृहीतक आहे, पडताळलेलं नाही. माणूस मात्र सापडेना. केंद्र बंद व्हावं असं म्हणणारा एकही जण आम्हाला तिथे भेटला नव्हता.

दोन दिवसांनी आई कामावरून आली आणि चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसली. बोटं शेकत होती. "पूर्वी एका बैठकीत पट्टा व्हायचा माझा," ती म्हणाली. "आता तीनदा उठते. बोटं ऐकत नाहीत बघ." आणि हात पुढे करून तिने बोटं मिटायचा प्रयत्न करून दाखवला. अंगठ्याजवळची दोन पुरती मिटत नव्हती. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, "डॉक्टर काय करणार, आराम करा म्हणेल. कोणाला बोलू नकोस, फोरमनच्या कानावर गेलं तर मला पट्ट्यांवरून काढून पिशव्या शिवायला बसवेल."

मी कोणाला बोलले नाही. मी लिहिलं. ते वाक्य कागदावर उतरलं तेव्हा माझी खात्रीच पटली की हाच तो माणूस. मला लाज वाटली का? खरं सांगते, त्या क्षणी नाही वाटली. त्या क्षणी मला फक्त इतकंच वाटलं की जमलं. तिसऱ्या पर्यायात मी असं लिहिलं होतं:

'केंद्रातील शिवणकाम एकाच ज्येष्ठ महिला कारागिरावर अवलंबून आहे. त्यांच्याच शब्दांत, "पूर्वी एका बैठकीत पट्टा व्हायचा. आता तीनदा उठते. बोटं ऐकत नाहीत." ज्या सेवेचा भार थकलेल्या बोटांवर आहे, ती तशीच चालू ठेवणे लाभार्थींवर अन्यायकारक आहे, आणि त्या बोटांवरही.'

आकड्याने वाचून विचारलं, "हे त्या बाई कधी बोलल्या? माझ्या टिपणांत नाही."

"तू बाहेर फोटो काढत होतास तेव्हा."

"जबरदस्त आहे," तो म्हणाला. "उगीच तिसऱ्यात वाया जातंय." हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि ते पान पुन्हा एकदा वाचलं.

सादरीकरण खात्याच्या सभागृहात झालं. संचालकबाई पन्नाशीच्या, शांत, कागद आधी वाचून आलेल्या. मला त्यांचा राग करायला आवडलं असतं, पण त्या चांगल्या बाई होत्या आणि तीच तर गोम झाली. आकड्याने दुसरा पर्याय वीस मिनिटं मांडला. गाडी, माणूस, अंथरुणातले दिवस, रंगीत नकाशा. त्यांनी सगळं ऐकलं, एकही प्रश्न विचारला नाही. मग पानं उलटत तिसऱ्यावर आल्या.

"हे कोणी लिहिलंय?"

"गटाने मिळून," मी म्हटलं.

"फार प्रामाणिक लिहिलंय. आमच्याकडे जे अहवाल येतात त्यांत माणूसच नसतो." त्यांनी त्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "माझ्या आईचीही बोटं अशीच झाली होती. शेवटपर्यंत लोकांचे कपडे शिवत राहिली. कोणीतरी तिला थांब म्हणायला हवं होतं."

हेडमास्तर उठून उभे राहिले. "मॅडम, तो पर्याय आमची शिफारस नाही. आमची शिफारस दुसरा आहे. आणि नव्वद टक्क्यांचा आकडा पडताळलेला नाही, खाली तळटीप आहे."

"वाचली मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रांजळपणे तेही लिहिलंय, याचं मला कौतुक वाटतं." आणि त्यांनी पेन्सिलने त्या पानावर एक उभी रेघ ओढली.

मागच्या रांगेत सचिवसाहेब बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

आदेश तीन आठवड्यांनी निघाला. 'तज्ज्ञ अभ्यासगटाच्या अहवालाच्या आधारे' केंद्र महिनाअखेर बंद. माझा परिच्छेद शब्दन् शब्द घेतला होता. नव्वद टक्केही घेतले होते. तळटीप तेवढी गळली होती, आदेशांना तळटिपा नसतात म्हणे. आकड्याने मला तो फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे कसं झालं?' मी कॉलेजच्या जिन्यात उभी राहून वाचला आणि तशीच सचिवसाहेबांच्या खोलीत गेले.

"सर, त्यांनी तिसरा निवडला."

"वाचलं. होतं असं कधीकधी." त्यांनी मला बसायला सांगितलं. "तुम्ही जरा जास्तच चांगलं लिहिलंत."

"तुम्हीच म्हणालात जीव घाला."

"म्हणालो. तुमचं काम पर्याय देणं. निवडणं त्यांचं काम. रोज असं मनाला लावून घेतलंत तर या धंद्यात तुमचा निभाव लागायचा नाही."

मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नमुन्यातला चौथा प्रश्न, शिवणाच्या बाई माझी आई आहेत, ते वाक्य मुलाखतीतलं नाही, आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. माझं रडं आवरत नव्हतं आणि त्याचाही मला संताप येत होता. "हे मी लिहून दिलं तर अहवाल रद्द होईल ना? मग आदेशही मागे घ्यावा लागेल."

सचिवसाहेब उठले आणि खोलीचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं. "अहवाल रद्द होईल," ते म्हणाले. "तुमची पदवी जाईल. त्या दोघांचंही वर्ष जाईल. आदेश मात्र जाणार नाही. त्यांच्या मनात केंद्र बंद करायचंच होतं, गोदामाला जागा हवीय. फक्त कारण मिळत नव्हतं. ते आता मिळालंय, आणि एकदा मिळालेलं कारण कोणी परत करत नाही."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"अंदाज होता. म्हणून तर म्हटलं दुसरा नीट पोचवा." त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. "मी हे संभाषण विसरलो. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. मी गप्प बसले. आदेश तसाही मागे फिरणार नव्हता, हे कारण मी स्वतःला पुढे कितीतरी दिवस देत होते, आणि ते खरंही असेल. पण खरं होतं म्हणून मी गप्प बसले असं मात्र नाही. मला पदवी हवी होती. त्या दोघांच्या वर्षाचं नाव मी मध्ये घातलं ते फक्त स्वतःला बरं वाटावं म्हणून.

आईला मी सांगणार होते. रोज सकाळी ठरवायचे, संध्याकाळी सांगू. पाचव्या दिवशी ती कामावरून आली ती हातात दोन कागद घेऊन. फोरमननी सगळ्यांना प्रती दिल्या होत्या. तिने चप्पल काढली, हातपाय धुतले, चष्मा लावला आणि खुर्चीत बसून तिने ते पुन्हा वाचले. ती ओठ हलवत सावकाश वाचते. मी भाजी चिरत होते, तीच ती फोड दहादा चिरत बसले.

"छान लिहिलंय," आई म्हणाली.

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"टोमणा नाही मारत. खरंच. कोणीतरी मनापासून लिहिलंय. वाचता वाचता मलाच पटलं, की बंद केलेलं बरं. कशाला लोकांना त्रास." तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "पट्टा फाटका राहिला, माणूस अंथरुणात पडून राहिला, तो माझ्यामुळेच की काय असं वाटलं. आज शेवटचा एक हातात होता तो पुरा करवेना."

"आई, तसं नाहीये ते."

"फोरमन विचारत होते, बाई, तुम्ही हे त्या पोरांना कशाला सांगितलंत? मी म्हटलं, चुकलं माझं." तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुझं नाव नाही घेतलं मी."

मग मी सगळं बोलले. तीन पर्यायांचं, दुसरा कसा आमचा होता, त्यात शिवणाला माणूस होता, गाडी होती. तिसरा कोणी निवडू नये म्हणूनच असतो. तो नुसता दाखवायला असतो. मी भराभर बोलत होते आणि वर्गात जे इतकं सरळ वाटायचं ते आमच्या स्वयंपाकघरात कुठल्या कुठे भरकटत होतं. आई लक्ष देऊन ऐकत होती. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे हे हरायला म्हणून लिहिलं होतंस?"

"हो."

"मग वाईट लिहायचं," आई म्हणाली.

ती उठली आणि माझ्या हातातली सुरी घेऊन उरलेली भाजी चिरायला लागली. सुरी तिला नीट धरवत नव्हती. मी पुढे झाले तर तिने कोपराने मला बाजूला केलं, रागाने नाही, वाटेत कोणी उभं असलं की करतात तसं.

केंद्र महिनाअखेर बंद झालं. तिथे आता फाइलींची रॅक्स आहेत. आमच्या प्रकल्पाला त्या वर्षीचं पहिलं पारितोषिक मिळालं. आकडा आणि मी मंचावर गेलो, हेडमास्तर आले नाहीत. ते दुसऱ्याच दिवशी आपल्या शाळेत परत गेले आणि जाताना मला एवढंच म्हणाले की मुलांना निबंध शिकवताना आता भीती वाटेल. मला एका सल्लागार संस्थेत नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी तिसऱ्या पर्यायाचं पान काढून टेबलावर ठेवलं होतं. असं लिहिणारी माणसं मिळत नाहीत, म्हणाले.

नोकरीच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी खासगी दुकानं बघायला गेले. चार दुकानं फिरले. "पट्टा?" एक दुकानदार म्हणाला. "पट्टा कोण शिवत बसतंय आता. कूपन आहे ना, त्यात थोडी भर घाला आणि नवी न्या." कोर्टाबाहेर टायपिस्टांच्या जागेवर दुसराच माणूस बसला होता. ते कधी येतात, असं मी त्याला विचारलं नाही. त्याने काय सांगितलं असतं ते मला कोष्टकासकट पाठ होतं.

आईला खात्याने रेकॉर्ड रूममध्ये बसवलंय. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. काम हलकं आहे, साहेब बरे आहेत, असं ती सांगते. आमच्यात भांडण झालं नाही, अबोलाही नाही. ती माझा डबा भरते, मला उशीर झाला तर जेवायची थांबते. शेजारच्या काकूंना माझी नोकरी मोठी आहे म्हणून सांगते.

परवा तिला बरणीचं झाकण उघडत नव्हतं. माझ्याकडे पाठ करून, फडक्यात धरून ती खटपट करत होती. मी म्हटलं, "दे इकडे."

"नको, उघडतंय."

"बोटं दुखतायत का?"

"छे, कुठे काय," आई म्हणाली, आणि बरणी तशीच बंद ठेवून दिली. मी घरात असताना तिला आता काहीच दुखत नाही.